विजोड जू म्हणजे काय?

(शास्त्रपाठ : अनुवाद २२:१०, उत्पत्ती १४:१३–२४, २ करिंथ ६:१४–१८)



गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर, गुऱ्हाळांची चुलवाणे पेटण्याच्या सुमारास, कराड तालुक्यातील एका खेड्यातून आमच्या मंडळीचे एक बंधू सायंकाळी आमच्या दारी आले. हाती एक लिहिलेला कागद होता. ते बसले, पाणी प्याले, परंतु बराच वेळ कागद उलगडीनात. शेवटी म्हणाले, "पाळकसाहेब, सही करण्याआधी तुम्हांस विचारल्यावाचून मनाला बरे वाटेना."

कागद भागीदारीचा होता. त्यांच्या बांधाला बांध लागून ज्यांचे शेत आहे ते शेजारी ख्रिस्ती नव्हेत. दरसाल आषाढीस पंढरपुरी जाणारे माळकरी गृहस्थ आहेत. ऊस व जागा त्यांची. चरक व काहील दोघांच्या पैशाने घ्यावयाची. गुळव्याचे काम आमच्या बंधूंचे, कारण पाकाची पारख ते आपल्या वडिलांपाशी शिकले आहेत. नफातोटा निम्मेनिम. "पंधरा वर्षांचा शेजार आहे," ते म्हणाले, "बांधावरून एकदाही शब्द वाढला नाही. पण विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर जुवाखाली जाऊ नये असे पौलाने लिहिले आहे ना? उद्या चुलवाण पेटवताना ते नारळ फोडणार. मग मी काय करावे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या सायंकाळी लगेच दिले नाही. त्याचे कारण सांगताना आम्हांस लाज वाटते, तरी ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सेमिनरीतून शिकून आल्यावर थोड्याच वर्षांनी आमच्या एका दुसऱ्या बंधूंनी आम्हांस असाच प्रश्न विचारला होता. त्यांस एका मुसलमान मित्रासह किराणा मालाचे दुकान घालावयाचे होते. आम्ही तरुण होतो, आणि वचन तोंडपाठ असणे व वचन समजणे ह्या दोन गोष्टी आम्हांस एकच वाटत होत्या. आम्ही शास्त्र उघडले, बोट ठेवले आणि म्हणालो, "हे पाहा, मना आहे." इतकेच करून आम्ही थांबलो नाही. मंडळीतील एका सभासदाचे नाव आम्हीच सुचविले. हे गृहस्थ प्रार्थनासभेत पुढे बसत, मोठ्याने प्रार्थना करीत. दुकान निघाले. तीन वर्षांत हिशेबाची वही एकदाही दाखविली गेली नाही. अखेर दुकान बसले, देणे मात्र उरले, आणि दोन्ही घरे प्रभुभोजनास येईनाशी झाली. ज्या मित्राला आमच्या सांगण्यावरून दूर केले होते, त्यानेच त्या वर्षी त्या बंधूंच्या मुलीच्या शाळेची फी भरली, आणि त्याविषयी कोठे वाच्यता केली नाही. आम्ही नावाची खातरजमा केली होती, मनुष्याची केली नव्हती. पुढे त्या बंधूंच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. ते पुन्हा उपासनेस येऊ लागले. परंतु ते देणे फिटण्यास पुष्कळ वर्षे लागली, व प्रत्येक हप्त्याच्या वेळी आमचा सल्ला त्यांस आठवला असेल.

म्हणून ह्या वेळी आम्ही बंधूंस म्हटले, "आज येथेच जेवा. उद्या सकाळी कागद आणि शास्त्र दोन्ही शेजारी ठेवून वाचू." त्या वाचनात जे आम्हांस उमगले, ते खेड्यापाड्यांतील सर्व मंडळ्यांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे, कारण हा प्रश्न एका गुऱ्हाळाचा नाही. विहिरीचे पाणी वाटून घेणारे, ट्रॅक्टर मिळून घेणारे, दूधसंस्थेत व सोसायटीत सभासद असणारे, बचत गटात पैसे टाकणाऱ्या भगिनी, ह्या सर्वांचा तो आहे.

प्रथम हे पाहू की प्रेषिताने काय सांगितले नाही. करिंथ हे दोन समुद्रांच्या मध्ये वसलेले मोठे व्यापारी शहर होते. तेथील देवळांच्या भोजनगृहांत मेजवान्या होत, आणि नव्या विश्वासणाऱ्यांस पदोपदी अडचण येई. ह्याच मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल स्पष्ट करतो की जगातील लोकांशी मुळीच संबंध ठेवू नये असे त्याचे म्हणणे नाही. तसे करावयाचे तर जगातूनच निघून जावे लागेल. त्याचा कठोर शब्द आहे तो, बंधू म्हणवून घेऊन लोभ व लबाडी करणाऱ्याविषयी. दहाव्या अध्यायात तो अविश्वासी यजमानाच्या घरी जेवावयास जाण्याची मोकळीक देतो. सातव्या अध्यायात, ज्याची पत्नी अद्याप विश्वासात आलेली नाही आणि जी त्याच्याजवळ नांदण्यास राजी आहे, तिला सोडू नये असे तो आज्ञापितो. असे लिहिणारा मनुष्य दुसऱ्या पत्रात शेजाऱ्याशी अबोला धरा असे सांगेल हे संभवत नाही.

मग त्याने काय सांगितले? त्याने जुवाविषयी सांगितले, आणि तो दृष्टान्त त्याने मोशेच्या नियमशास्त्रातून घेतला. बैल व गाढव ह्यांस एकत्र जुंपून नांगरू नये अशी ती आज्ञा आहे. ध्यानात घ्या, दोन्ही जनावरे एका गोठ्यात बांधू नयेत असे तेथे म्हटलेले नाही. एका पाणवठ्यावर नेऊ नयेत असेही नाही. गाढवाचा तेथे अपमान नाही. पाठीवर ओझे घालून पाहा, ते बैलाहून सरस ठरेल. मना आहे ते एका लाकडाखाली दोघांच्या माना घालणे. कारण दोघांची चाल वेगळी, उंची वेगळी, ताकद वेगळी. तास वाकडे जाते आणि दोन्ही मुकी जनावरे सोलवटून निघतात. आज्ञेत शेताची काळजी आहे तशीच जनावरांचीही आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्यांस हे शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टर येण्यापूर्वी ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी, आणि आज तुझे शेत, उद्या माझे, अशा रीतीने दोघांचेही औत चाले. सावड करण्यापूर्वी शहाणा मनुष्य काय पाही? मालकाची जात नव्हे, बैलाचा रंगही नव्हे. बैलाची चाल पाही, खांदा पाही, आणि तो बैल मारका तर नाही ना हे पाही. आणि आपल्या स्वतःच्या बैलाविषयीही खरे सांगे. कारण तासात उभे राहिल्यावर ते लपत नसे.

ह्यावरून माणसामाणसांतील संबंधांचे तीन प्रकार आम्ही करितो. पहिला शेजार. त्यात सुखदुःख, आजारपण, पूर, आग, मुलांची शाळा, गावचा रस्ता हे सर्व येते. येथे प्रभूने कुंपण ठेवलेच नाही; चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्याने ह्याचसाठी दिला. दुसरा व्यवहार. विकणे, घेणे, नोकरी करणे, नोकर ठेवणे, सहकारी संस्थेत एक मत देणे. येथे खरेपणा पाहिजे, परंतु मान मोकळी असते; न पटल्यास मनुष्य बाजूला होऊ शकतो. तिसरे जू. येथे दोघांच्या माना एका लाकडात अडकतात, एकाने वळले की दुसऱ्यास वळावे लागते, आणि बैलाला आपले जू आपण काढता येत नाही.

प्रेषिताचे वचन ह्या तिसऱ्या प्रकारास लागू आहे, आणि ते सौम्य करण्याचा आम्हांस अधिकार नाही. जेथे उपासनेतच वाटेकरी व्हावे लागते, तेथे जाऊ नये. जो धंदाच पापावर चालतो, तो भागीदार बाप्तिस्मा घेतलेला असला तरी करू नये. आणि ज्यांचे लग्न व्हावयाचे आहे अशा आपल्या तरुणतरुणींनी, लग्न प्रभूमध्ये व्हावे हा प्रेषिताचा उपदेश हलका मानू नये. कराडच्या प्रीतिसंगमावर आपण पुष्कळदा गेलो आहो. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि कराडास समोरासमोर येऊन भेटतात. त्यापुढे मात्र नाव एकच चालते; कोयनेचे पाणी असते, नाव राहत नाही. कित्येक बंधनांत मनुष्याचे असेच होते. म्हणून आधी विचारावे की, संगमानंतर माझ्या प्रभूचे नाव माझ्यावर राहील की नाही?

तथापि ज्यांचे लग्न आधीच झालेले आहे व घरात दोन विश्वास आहेत, त्यांस हे वचन घर मोडण्यासाठी दिलेले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा इ. स. १८९५ मध्ये मुंबईस झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तेव्हाही बाईंनी आपली श्रद्धा लगेच सोडली नव्हती. टिळकांनी बळजबरी केली नाही, वाट पाहिली, आणि इ. स. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या खुषीने बाप्तिस्मा घेतला. त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या पुस्तकात तो काळ सांगितला आहे. घरातील माणसाला ओढून आणता येत नाही, हे त्या घराने महाराष्ट्रास दाखविले. ह्याच टिळकांनी इ. स. १९१७ मध्ये आपल्या साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला, व त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा ठेविली. दार त्यांनी रुंद केले, पण दरबार कोणाचा हे झाकून ठेविले नाही.

आता शास्त्रातील काही भागीदाऱ्या पाहू. अब्राहाम हेब्रोनाजवळ राहत असता मम्रे, अष्कोल व आनेर ह्या अमोरी बंधूंशी त्याचा करार होता. लोटाला शत्रूंनी धरून नेले तेव्हा हे तिघे त्याच्याबरोबर गेले, आणि जय मिळाल्यावर अब्राहामाने दोन गोष्टी केल्या. सदोमाच्या राजाने धन देऊ केले, ते त्याने सुताच्या धाग्याइतकेही घेतले नाही. अब्राहामाला मीच श्रीमंत केले असे म्हणण्याची सोय त्याने त्या राजाला ठेवली नाही. परंतु त्याच श्वासात, आपल्याबरोबर आलेल्या तिघांचा वाटा त्यांस मिळालाच पाहिजे असेही त्याने सांगितले. आपल्या विवेकाचा बोजा त्याने सोबत्यांच्या वाट्यावर घातला नाही. आपल्यापैकी कितीजण असे वागतात? "मी ख्रिस्ती, मला हे चालत नाही" असे म्हणताना नुकसान मात्र दुसऱ्याच्या पदरात घालतात. अब्राहामाने आपली धर्मनिष्ठा स्वतःच्या खर्चाने पाळली.

शलमोनाने मंदिर बांधताना सोरचा राजा हीराम ह्याच्याशी करार केला. लाकूड त्याचे, गहू व तेल शलमोनाचे. माप ठरलेले, आणि दोघांत सलोखा राहिला. ह्याच्या उलट यहोशाफाट राजाने अहज्याबरोबर तार्शीशास पाठविण्यासाठी जहाजे बांधिली. ती एस्योन-गेबेर बंदरातच फुटली, आणि संदेष्ट्याने त्याचा दोष त्या भागीदारीस लाविला. येथे क्षणभर थांबून विचार करा. हीराम परराष्ट्राचा राजा होता. अहज्या मात्र परका नव्हता. तो इस्राएलाचाच राजा, त्याच पूर्वजांचा, त्याच कराराचे नाव सांगणारा होता. पण दुष्टाईने वागणारा. फुटलेली जहाजे आपल्याच समाजातील मनुष्याबरोबरच्या भागीदारीची होती. हा अध्याय आम्ही आमच्या तरुणपणी पुष्कळदा वाचला होता. त्या किराणा दुकानाच्या वेळी तो आम्हांस आठवला नाही.

आपल्या जिल्ह्यातील एक गोष्टही बोधपर आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबात जन्मले. इ. स. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ पासून तिचे ठाणे साताऱ्यास नेले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवू लागली. ह्याच भाऊरावांनी पोटासाठी लोखंडी नांगर विकण्याचे काम केले होते, आणि साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा कूपर ह्यांच्या नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. कारखान्याच्या मिळकतीतून शिक्षणकार्यास काय मिळावे ह्यावरून पुढे दोघांचे पटले नाही व भाऊराव बाहेर पडले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. एक जैन, एक पारशी. तरी बेबनाव देवळावरून झाला नाही, अग्यारीवरून झाला नाही. नफा कशासाठी, ह्यावरून झाला. भागीदारी बहुधा ह्याच जागी विजोड ठरते.

आता कागदाकडे वळू. आपल्या देशात भागीदारीचा कायदा इ. स. १९३२ चा आहे, आणि जू म्हणजे काय हे तो जवळजवळ उपदेशकासारखेच सांगतो. त्या कायद्याप्रमाणे पेढीच्या कामात प्रत्येक भागीदार हा बाकीच्यांचा मुखत्यार असतो. तो सही करील ती तुमच्यावरही बंधनकारक होते. पेढीच्या देण्याबद्दल प्रत्येकजण सर्वांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. सावकार दोघांपैकी कोणाही एकाकडून सर्व रक्कम मागू शकतो. करारात निराळे लिहिले नसेल तर नफातोटा सारखा वाटला जातो. रोजच्या बाबी बहुमताने ठरतात, पण धंद्याचे स्वरूप बदलण्यास सर्वांची संमती लागते. वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मुदत ठरलेली नसेल तर लेखी नोटीस देऊन भागीदारी मोडता येते. आणि भागीदारीची नोंदणी केली नसेल तर हक्कासाठी कोर्टात जाणे कठीण होते. बंधूंनो, ज्याची सही तुमची सही ठरणार, त्याच्या धर्माचे नाव विचारण्याआधी, तो आपल्या शब्दाला जागतो की नाही, हे विचारा.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. पहिला, ह्या धंद्यात असे काही आहे काय, की जे करताना मला प्रार्थना करता येणार नाही? दुसरा, माझ्या उपासनेचा दिवस व माझा विवेक ह्यांस ह्यात जागा आहे काय, आणि त्याच्या उपासनेस मी तितकीच जागा देत आहे काय? तिसरा, आमचे न पटल्यास मला मोकळे होता येईल काय, व ते कसे, हे लिहिलेले आहे काय? आणि चौथा, जो बहुधा कोणी विचारीत नाही : ह्या जुवात बैल कोण आणि गाढव कोण? विजोडपणा माझ्याच बाजूने तर नाही ना?

हा चौथा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेविला आहे. त्या सकाळी आम्ही आमच्या बंधूंसह कागद वाचीत होतो. नारळाविषयी बोलणे झाले, रविवारविषयी झाले. मग आम्ही सहज विचारले, "गुळाला रंग कसा आणणार?" ते क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "सगळेच आणतात तसा. पिवळा दिसल्याशिवाय बाजारात भाव नाही. थोडी पावडर घालावी लागते. आणि साखर स्वस्त असेल तेव्हा काहिलीत थोडी साखर." आम्ही विचारले, "शेजारी ह्याला राजी आहेत?" बंधूंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "तेच अडले आहे. ते म्हणतात, जी ढेप आपण आपल्या लेकरांस देणार नाही ती पेठेत न्यावयाची नाही."

प्रिय वाचकहो, आमच्या हातातील शास्त्र त्या वेळी जड झाले. आमचे बंधू रात्रभर नारळाची चिंता करीत होते. साखरेची चिंता त्यांस शिवली नव्हती. आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात शब्बाथ केव्हा संपेल व आपण खोटे माप केव्हा हाती घेऊ, असे म्हणणाऱ्या लोकांस देव काय बोलतो ते आम्ही वाचले. ते लोक मूर्तिपूजक म्हणून तेथे दोषी ठरले नाहीत. ते शब्बाथ पाळीत होते. माळकरी शेजारी ज्या वाटेने सरळ चालत होता, त्या वाटेवर आमचाच बंधू आडवा चालत होता. जू विजोड होते खरे; पण खांदा आमचा वाकडा होता.

बंधूंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हीही त्यांस फार बोललो नाही. कारण रविवारच्या उपदेशात बाजारातील तराजूविषयी आम्ही कितीदा बोललो, हे आम्हांस ठाऊक होते. मेंढरू चुकले तर मेंढपाळानेही आपली वाट तपासावी. दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि मग कागद नव्याने लिहावयास घेतला.

त्या कागदात जे लिहिले ते इतरांस उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गुळात उसाच्या रसावाचून गोडीसाठी काही घालावयाचे नाही, व रंगासाठी पावडर वापरावयाची नाही. वही रोज लिहावयाची, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून पाहावयाची, आणि पाहिल्याची सही दोघांनी करावयाची. दोघांच्या सहीवाचून कर्ज काढावयाचे नाही. रविवारी सकाळी आमचे बंधू उपासनेस जातील, त्या वेळचे काम शेजारी पाहतील. एकादशीस व वारीच्या दिवसांत शेजारी जातील, तेव्हा आमचे बंधू पाहतील. चुलवाण पेटवताना शेजाऱ्यांस पूजा करावयाची असेल तर ती त्यांनी आपल्या नावाने व आपल्या खर्चाने करावी. पेढीच्या वहीत ती मांडू नये. आमचे बंधू पूजेत भाग घेणार नाहीत, परंतु बाजूला आदराने उभे राहतील, थट्टा करणार नाहीत. पूजेचा प्रसाद म्हणून काही पुढे आले तर पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील सूचनेप्रमाणे नम्रपणे नको म्हणतील, आणि का नको हे शेजाऱ्यांस आधीच घरी जाऊन समजावून सांगतील, म्हणजे चारचौघांत कोणाचे मन दुखावणार नाही. हंगाम संपल्यावर हिशेब होऊन, पुढील वर्षी चालवावयाचे की नाही हे दोघे मोकळ्या मनाने ठरवितील.

कागद घेऊन बंधू गेले. शेजाऱ्यांनी तो वाचविला, आणि रविवारचे कलम ऐकून म्हणाले, "हे तोंडी सांगितले असते तरी चालले असते. तुमच्या देवाच्या दिवशी मी तुम्हांस काहिलीपाशी कशाला उभे करीन?" साखरेचे कलम ऐकून ते काही बोलले नाहीत. फक्त आमच्या बंधूंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेविला.

त्या हंगामात त्यांच्या ढेपा काळपट दिसत, आणि पहिले काही आठवडे भाव कमी मिळाला, हे आम्ही लपवीत नाही. खरेपणाचे मोल नेहमी पेठेतच मिळते असे शास्त्रही सांगत नाही. पुढे काही गिऱ्हाइके घरी येऊन गूळ नेऊ लागली. नफा थोडा झाला. यंदा ते पुन्हा चुलवाण पेटवणार आहेत.

बंधुभगिनींनो, प्रेषिताच्या त्या वचनाचा शेवट आपण विसरतो. विजोड जुवाविषयी बोलून झाल्यावर पौल देवाच्या वचनाची आठवण देतो, की देव आपल्या लोकांमध्ये राहील, त्यांच्यामध्ये चालेल, त्यांचा पिता होईल. आपण वेगळे व्हावे ते शेजाऱ्याच्या बांधापासून नव्हे, अशुद्धतेपासून. आणि ती पुष्कळदा आपल्याच काहिलीत असते. ज्याची मान ख्रिस्ताच्या सोप्या जुवाखाली आहे, त्याची चाल सरळ असेल. मग तो शेजाऱ्याबरोबर नांगरो, पेठेत बसो किंवा चुलवाणापाशी उभा राहो, त्याच्या वहीवरून, मापावरून व शब्दावरून तो कोणाचा हे लोकांस कळेल. आणि जर कोणी वाचक आज एखाद्या कागदावर सही करण्याच्या विचारात असेल, तर त्याने आमच्या त्या बंधूंप्रमाणे करावे : एक रात्र थांबावे, सकाळी शास्त्र व कागद शेजारी ठेवावे, आणि समोरच्या मनुष्याचा खांदा पाहण्याआधी आपला खांदा प्रभूला दाखवावा.

त्याची कृपा तुम्हां सर्वांसह असो. आमेन.